बाटलीत अकरा

सेलामाविटनं टेबलावर बाटली ठेवली.
कधीकाळी तिच्यात रक्तदाबाच्या गोळ्या होत्या,
आता अकरा ढेकूण.
नऊ मेलेले. उरलेल्या दोघांबद्दल
माझी खात्री नव्हती.
सुनावणीच्या बाईंनी खुर्ची
बोटभर मागे सरकवली.

मी साक्षीला आलेलो.
नाव क्लेटन पडिकॉम. धंदा फवारणीचा.
एकोणीस वर्षं याच हॅमिल्टन गावात,
जिथं पोलादाच्या भट्ट्या
पडलेल्या बर्फाला दोन दिवससुद्धा
पांढरं राहू देत नाहीत.

घरमालक वुकेलिच म्हणाला,
ही राहायला येईपर्यंत इमारत स्वच्छ होती.
रस्त्यावरची गादी उचलून आणली असेल.
ही माणसं कुठून कुठून येतात, आणि...
वकिलानं त्याची बाही ओढली.

गादी नवी होती. पावती होती.
तिच्याकडे सगळ्याच्याच पावत्या होत्या:
लाँड्रीच्या सत्तावीस, कडक गरम पाण्याच्या,
काळ्या पिशव्यांच्या, चिकटपट्टीच्या,
पलंगाच्या पायांखाली ठेवायच्या चार वाट्यांच्या.
मुलगा नातनाएल, वय नऊ,
दोन महिने बाथटबमध्ये झोपला,
कारण त्या गुळगुळीत पांढऱ्यावर
ढेकणाचा पाय ठरत नाही.
शाळेत त्याचं दप्तर
सगळ्यांपासून लांब, बादलीत ठेवायचे.
हे सांगताना तिनं आवाज चढवला नाही.
फक्त बाह्या मनगटापर्यंत खाली ओढल्या.

मार्चमध्ये पत्र. एप्रिलमध्ये पत्र.
मेमध्ये रजिस्टर केलेलं पत्र.
वुकेलिचनं काहीच अंगाला लावून घेतलं नाही.
अंगं दुसऱ्यांची होती.

मग बाई माझ्याकडे वळल्या:
पडिकॉम, तुमच्या मते हे आले कुठून?

एवढंच विचारतात नेहमी.
आणले कुणी. जणू पाहुणे आहेत,
हातात पत्ता घेऊन दार वाजवत आलेले.

मी म्हणालो, भिंतीतून.
सात नंबरच्या स्विचचं झाकण मी काढलं,
आत वायरच्या कडेनं त्यांची वाट पडलेली,
काळ्या ठिपक्यांची, सहा नंबरकडून आलेली.
सहा नंबरात ऑर्व्हिल मर्सर.
भट्टीवरचा जुना माणूस, गुडघे गेलेले.
दोन वर्षं त्यांच्याबरोबर झोपला
आणि कुणाला बोलला नाही.
बोललो तर बाहेर काढतील म्हणाला,
या वयात नवं घर कोण देतो?

बाईंनी ते लिहून घेतलं.
वुकेलिचच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला:
म्हणजे चूक भाडेकरूचीच, ही नाही तर तो.

इथं थांबता आलं असतं मला.
विचारलं होतं तेवढ्याचं उत्तर देऊन झालं होतं.

पण गेल्या ऑक्टोबरात सहा नंबर मीच फवारला.
वुकेलिच म्हणाला होता, एकच खोली कर,
बाकीच्यांना कळायला नको, खर्चही नको.
मला ठाऊक होतं
एक खोली पेटवली की ते शेजारी सरकतात.
एकोणीस वर्षांत एवढं तर कळतंच.
पावतीपुस्तक काढलं, एकशेऐंशी डॉलर लिहिले,
आणि व्हॅन सुरू केली.

हे मी सगळं बोललो.
खोलीत हीटरची टकटक तेवढी ऐकू येत होती.
सेलामाविटनं माझ्याकडे पाहिलं.
राग असता तर मला सोपं गेलं असतं.

निकाल असा लागला:
मालकानं पूर्ण इमारत करायची, चौदा दिवसांत,
पाच महिन्यांच्या भाड्यातला तिसरा हिस्सा परत.
भाडेकरूंनी कपाटं रिकामी करायची,
पलंग भिंतीपासून हात दोन हात ओढायचे,
दार उघडायचं. मर्सरनंही.
त्याला घरातून काढायचं नाही, हे वेगळं लिहिलं.
माझ्याबद्दल कागदात काही नव्हतं.

सगळे उठले. बाटली टेबलावरच राहिली.
बाईंनी विचारलं, ही कुणाची?
वुकेलिचनं कोट चढवला.
सेलामाविट म्हणाली, मी पुष्कळ सांभाळली.

मी उचलली. खिशात टाकण्याआधी
उजेडाकडे धरून पाहिली.
त्या दोघांतला एक
पाय हलवत होता.