आकडे उसवलेल्या चादरी

उणे अडतीस.
बाहेर वाळत घातलेली चादर
अर्ध्या तासात पत्र्यासारखी ताठ होते,
वाजवली तर वाजते.
आधीच्या बाई मुद्दाम तिथंच घालायच्या,
कुंपणावर, शाळेच्या वाटेवर,
कोपऱ्यात लाल दोऱ्यानं शिवलेला आकडा
सगळ्यांना दिसेल असा:
सात. एकवीस. तेहतीस.

सतरा माझा होता.

आता किल्ल्या माझ्याकडं आहेत.
मी होर्लो, झावखानच्या या वसतिगृहातली रात्रीची बाई.
सप्टेंबरात मेंढपाळ पोरं सोडून जातात,
मोटरसायकलवर मागं बांधून आणल्यासारखी
सहा-सहा वर्षांची,
गोल तंबूत वाढलेली,
ज्यांनी घराला कोपरा असतो हेच पाहिलेलं नाही.
इथं खोलीला चार कोपरे, चारही अंधारे.
तिसऱ्या रात्री पाच गाद्या ओल्या.

मी काय करते, सांगण्यासारखं फार नाही.
संध्याकाळनंतर दुधाचा चहा अर्धीच वाटी,
सकाळी हवा तेवढा.
रात्री दोनला पायाच्या अंगठ्याला हात लावते
(खांदा धरला की दचकतात)
आणि म्हणते, चल.
पहाटे ओलं काढते, कोरडं घालते,
ओलं नेऊन टाकते बॉयलरच्या खोलीत,
गोम्बोसुरेनच्या दोरीवर.
कोळशानं काळा झालेला माणूस, चौकशा करत नाही.
एकदाच म्हणाला,
"मी तर सैन्यात जाईपर्यंत,"
आणि फावडं भट्टीत लोटलं.

न्यामखूचं वेगळं.
त्याचं दिवसा, वर्गात.
वास सुटायचा, आणि तो असा बसलेला
जणू वास दुसऱ्या कुणाचा आहे.
बाकं सरकत सरकत भिंतीला टेकली.
मीही ओरडले एकदा. ओरडले, हे लपवत नाही.
"एवढा घोडा झालास!"
तर तो हसला.
घोडा म्हटलं म्हणजे कौतुकच, असं वाटलं त्याला.

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं.
"दगड आहे इथं. किती दिवसांचा कोण जाणे.
बाजूनं गळतं ते त्याला कळतच नाही,
ताणून ताणून आतडं बधिर झालंय.
घाणेरडा नाही हो तो. तुंबलाय."
मग मलाच विचारलं, संडास किती लांब?

ऐंशी पावलं.
दोन फळ्या, मधे भोक,
भोकातून वर येणारा वारा.
त्याच्या पावलांनी मी पुन्हा मोजली: एकशे बावन्न.
म्हणून धरून ठेवत होता.
सप्टेंबरपासून.
आई परत येईपर्यंत, बहुतेक.

आता बॉयलरच्या खोलीत एक डबा आहे,
त्यावर गोम्बोसुरेननं घासून गुळगुळीत केलेली फळी,
पायाखाली वीट, पाय लोंबू नयेत म्हणून.
जेवण झालं की दहा मिनिटं.
पाण्यात औषधाची पूड.
झालं तरी शाबासकीचा गोंधळ नाही,
नाही झालं तरी, बरं, संध्याकाळी बघू.

आणि एका रात्री दाढीचं पातं घेऊन
मी चौसष्ट चादरींचे आकडे उसवले.

तपासनीस आले, कोपरे उलटून पाहिले.
"क्रमांक नाहीत. बाई, तुम्ही पोरांच्या चुकांवर पांघरूण घालता."
हो साहेब, म्हटलं, पांघरूण घालते.
पगार त्याचाच आहे.
त्यांनी ताशेरा लिहिला, मी सही केली.

नव्या वर्षाच्या सुट्टीला न्यामखूचा बाप आला.
दारात उभा, नजर मोटरसायकलवर.
"अजून?"
"कमी आहे," मी म्हटलं.
खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं,
मंगळवारीच दोन चड्ड्या धुतल्या होत्या.
त्यानं वाळल्या दह्याची पुरचुंडी हातात कोंबली
आणि टोपीच्या दोऱ्या उगाच बांधत, सोडत राहिला.

काल रात्री बॉयलरच्या खोलीतून हाक:
"होर्लोबाई! बघायचंय?"
गेले.
गोम्बोसुरेन आधीच वाकून बघत होता,
टोपी हातात.
"बोकडाएवढी," तो म्हणाला.
न्यामखूनं मान हलवली.
"घोड्याएवढी."