छपरावरचं बॉनेट

कामठी रोडच्या आमच्या शेडवर, टिनाच्या छपरावर
एका भंगार व्हॅनचं बॉनेट
एकोणीस वर्षांपासून तोंड वर करून पडलं आहे.
त्यावर पट्टे. चार बोटं रुंद, हातभर लांब,
आणि प्रत्येकाखाली खिळ्यानं कोरलेलं
कोणत्या दुकानाचा डबा, कोणतं साल, काय भाव.
हाच आमचा कॅटलॉग.
छापील कॅटलॉग सावलीत छापतात.

इद्रिस मिस्त्रींनी सुरू केलं हे.
म्हणायचे, डीलरले काय विचारतो बे,
उन्हाले विचार. ऊन कमिशन खात नाही.

आज सकाळी इतवारीतून एक पोरगा आला,
बॅगेत दोन डबे, तोंडात तिसरा.
लिटरमागे दोनशे ऐंशी कमी, सर,
चकाकी तीच, वर हार्डनर फुकट.
झाकण उघडून मी काडी बुडवली.
धार उतरली
लग्नातल्या शेवटच्या पंगतीच्या वरणासारखी.

खाली दुर्योधन परातेंची स्कूल व्हॅन,
अंगभर पुट्टीची ठिगळं.
पासिंग जूनच्या आत व्हायला पाहिजे.
साडेनऊ हजार आहेत, ते म्हणाले,
आणि लगेच, नऊच धरा, पाचशे पेट्रोलले लागन.

पिवळा मोठा लबाड रंग.
लाल उडतो तो सांगून उडतो,
पिवळा हसत हसत खडू होतो.
दोन वर्षांआधी आमचीच एक गाडी,
स्वस्तात मारलेली.
एक पोरगी दाराला टेकली आणि घरी गेली
गणवेशाच्या बाहीवर अर्धी व्हॅन घेऊन.
तिची आई शेडवर आली होती. काही बोलली नाही,
फक्त बाही दाखवली.

मी शिडी लावली.
मे महिन्यात या छपरावर चप्पल चिकटते.
बॉनेटवर पिवळे पाच.
सोळाचा पांढरा झालेला.
अठराला तडे.
विसाचा बरा आहे, पण ती कंपनीच उडाली.
बाविसाचा जसाच्या तसा,
खालचा भाव वाचला आणि मीच डोळे मिटले.
आणि पार कडेला एक,
साल नाही, भाव नाही, फक्त ‘इ’.
मिस्त्रींनी डब्यांच्या तळातलं खरवडून केलेला.
हात लावायला भीती वाटावी इतका ओला दिसतो अजून.

फोन लावला. ते आता कोराडीला, मुलाकडे.
काय काय टाकलं होतं त्यात?
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
विसरलो बे, म्हणाले.
तवाच काहून नाही विचारलं?
मग, ठेवता ठेवता,
छप्पर सांभाळ. दारं काय, दारं सावलीत जगतात.

म्हणून असं केलं.
रंग मधल्या भावाचा, सगळीकडे एकच.
टपाला आणि बॉनेटला महागाचं क्लिअर, दोन हात.
दारांना स्वस्ताचं, एक.
परातेंना तसं सांगून टाकलं, कागदावर लिहूनही दिलं.

पहाटे साडेचारला बंदूक धरली.
नऊनंतर इथं रंग हवेतच वाळतो
आणि पत्र्यावर संत्र्याची साल उगवते.
या दोषाला दुनियाभर हेच नाव आहे म्हणे.
आमच्या गावाची बदनामी कुठवर गेली पाहा.

त्या पोराच्या डब्यातलाही एक पट्टा
वर मारून ठेवला, भाव कोरला.
सर, ऑर्डर?
पुढच्या मे महिन्यात ये, म्हटलं.
त्यानं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं,
उन्हाकडे, जसं काही ते त्याच्या ओळखीचं निघेल.

शनिवारी पराते गाडी घ्यायला आले.
पैसे मोजले, चावी घेतली,
भोवती एक चक्कर मारली.
मग मागच्या दारावरून हळूच तळवा फिरवला
आणि उलटून पाहिला.