वाकला तर, मोडला तर

अनार्गिरोस म्हणजे चांदीविना.
आईबापांनी ठेवलं ते संताचं नाव,
दमडी न घेता रोग बरे करणाऱ्याचं;
पण लाव्रिओत, जिथं चांदीपायी
अख्खा डोंगर किडक्या दाढेसारखा पोखरला,
तिथं ही थट्टाच.
बाप फ्रेंच कंपनीच्या खाणीत होता.
घरी यायचा तेव्हा रिकाम्या डब्यात
एखादा निळा खडा असायचा.
आई म्हणायची, बरं झालं, आता हाच शिजवते.

रविवारी वारा पडला की आम्ही किनाऱ्यावर जातो.
तो, मी, आणि माझ्या पाठीवरच्या पिशवीत
दोन हातोड्या, जुनी वर्तमानपत्रं, धुतलेली ऑलिव्हची बरणी.
इथं समुद्रात मळी टाकलेली आहे,
चांदी काढून घेतल्यावर उरलेली. काळी, जड,
करपलेल्या पातेल्याच्या बुडासारखी.
ज्या गुलामांनी ती वाहून आणली
त्यांची नावं माझ्या एकाही लेबलावर नाहीत.
खारं पाणी मात्र तिच्यात शिरत राहिलं
दोन हजार वर्षं, घाई न करता,
एकेका बुडबुड्याच्या पोकळीत
शिशाच्या शेजारी जाऊन बसलं.

अनार्गिरोस तुकडा कानाशी धरून वाजवतो,
बाजारात कलिंगड वाजवावं तसा.
"हा पोकळ."
मग एकच घाव. दोन घातले तर चिडतो.
पूर्वी जिभेनं ओला करून बघायचा,
मी शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेली, ओरडायचे,
अरे शिसं आहे, आर्सेनिक आहे!
आता चाटत नाही. आता दिसतच नाही,
ओला काय अन् कोरडा काय.
डाव्या डोळ्यात दूध उतरलंय, उजव्यात धुकं.

संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात, सूक्ष्मदर्शकाखाली
मसुरीच्या दाण्याएवढी पोकळी,
आणि तिच्यात एकटाच उभा
बिनरंगी पातळ स्फटिक. पापणीच्या केसाहून आखूड.
इतका नितळ, की मी श्वास रोखला,
फुंकरीनं जाईल म्हणून.

"सांग," तो म्हणाला.
मी सांगितलं. चपटा. कडेला रेघा. टोक तिरकं.
दोघंच असू शकतात: लॉरिओनाइट, नाहीतर पॅरालॉरिओनाइट.
रक्त एकच दोघांचं. शिसं तेच, मीठ तेच,
फक्त आत बसण्याची रीत निराळी.
ओळखायचं कसं, ते त्यानंच शिकवलेलं मला:
सुईच्या टोकानं हलकेच ढकलायचं.
वाकला तर हा.
मोडला तर तो.

"मग ढकल की, एव्हान्थिया."

सुई बोटांत होती.
खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं,
ती होत नव्हती.
या उन्हाळ्यानंतर तो किनाऱ्यावर येणार नाही,
हे डॉक्टर बोलले होते, मुलगी बोलली होती,
तो सोडून सगळे बोलले होते.
वाळूतल्या पायवाटेवर आज तीनदा माझा दंड धरला त्यानं,
तीनदा म्हणाला, चप्पल सैल आहे.

मी सुई ताटलीत ठेवली,
आवाज होऊ न देता.

"वाकला," मी म्हटलं.

तो हसला नाही. कॉफीचा गाळ हलवत राहिला.
"कितीसा?"
"थोडा. मग परत सरळ झाला."
"परत सरळ?"
"जवळजवळ."

हं, म्हणाला. लिही मग.
मी लिहिलं. जागा, तारीख,
सापडवणाऱ्याचं नाव पहिल्यांदाच पूर्ण,
बापाच्या नावासकट.
खनिजाच्या रकान्यात हात जरा थबकला,
तेवढ्यात तो म्हणाला,

"पेन्सिलीनं लिहितेस ना?"

हो, म्हटलं. पेन्सिलीनंच.

"छान," तो म्हणाला, आणि चाचपडत टोपी शोधू लागला,
जी त्याच्या डोक्यावरच होती.