‘असू दे’च्या पाठीवर

थोरलीचं नाव हाझ्विनेई.
आमच्या भाषेत: असू दे, काही बिघडत नाही.
आता तिच्या पाठीवर ही आली आहे,
सहा दिवसांची, मूठभर, मांजरासारखी शिंकते,
आणि दवाखान्याच्या कार्डावर नावाची ओळ
अजून कोरी.

खरं सांगायचं तर पहिलं नाव मी ठेवलंच नाही.
ते तोंडातून पडलं.
नऊ वर्षांपूर्वी, ग्वेरूत, जूनच्या थंडीत,
बुटांच्या कारखान्याने त्याच आठवड्यात मला घरी बसवलं होतं.
नर्स म्हणाली, मुलगी आहे.
मग म्हणाली, ब्लँकेटं संपलीत, माफ करा.
मी म्हणालो, असू दे.
अंगातला कोट काढला, तिला गुंडाळलं.
कारकुनाने मान वर न करता
लिहून घेतलं.

त्या दोन वाक्यांतल्या कुठल्या वाक्याला मी उत्तर दिलं
ते मला माहीत आहे.
रात्री वीज गेली की
एवढं नक्की वाटत नाही.

रविवारी अंगणात सगळे जमले.
माझी बहीण मुचानेता, पोरींची आत्या
(मुचानेता म्हणजे ‘दमाल तुम्ही’,
आमच्या बापाने भावकीला धाडलेला निरोप
हिच्या गळ्यात बांधून;
भावकी कधीच मातीत गेली,
निरोप अजून डोक्यावरून पाणी वाहतो आहे)
म्हणाली, जोडीला जोड हवी.
तिचाओना ठेव. ‘बघूच आपण.’
कुंपणापलीकडच्या बाईला बरोबर लागेल.
मी म्हटलं, ताई, तेवढ्यासाठी
कुत्रं पाळेन आणि त्याला हाक मारेन.

मेहुणा लव्हमोर म्हणाला, गिव्हमोर.
कोणी हसलं नाही,
कारण तो हसला नव्हता.
बायको पपईखाली पाजत बसली होती.
म्हणाली, मला यमक नको.
पोरी आहेत,
एका कापडातून बेतलेले पडदे नाहीत.

हाझ्विनेई पायरीवर शेंगा सोलत होती.
मोठ्यांच्या बोलण्यात नसल्यासारखी.
गेल्या वर्षी तिने मला विचारलं होतं,
बाबा, काय असू दे?
मी सायकलची चेन बसवत होतो.
बसवत राहिलो.
चेन बसली,
तरीही.

‘तारिसाई!’
ती एकदम ओरडली. बघा!
एका शेंगेत पाच दाणे,
पाचही धड, गुलाबी, दाटीवाटीने निजलेले.
तळहातावर धरून ती एकेकासमोर गेली,
आत्यासमोर, लव्हमोरसमोर, शेवटी माझ्यासमोर.
मी पाहिले. मोजलेसुद्धा.

आत्याचे ओठ हलत होते,
काहीतरी जोडून पाहत असल्यासारखे.
मग ती उठली, फाटकापर्यंत गेली
आणि रिकाम्या गल्लीत मोठ्याने हाक मारली,
कारण नाव कागदावर कळत नाही,
संध्याकाळी जेवायला बोलावताना कळतं:
हाझ्विनेई! तारिसाई!
असू दे! बघा!

पलीकडची बाई कुंपणाशी आली.
काय बघू, म्हणाली.
आत्याने तिला शेंगा दिल्या, ओंजळभर.
ह्याचं मला अजून नवल वाटतं.

सोमवारी कचेरीत रांग दारापर्यंत.
थोरली बरोबर आली होती, शाळा बुडवून,
माझा तोच कोट घालून, बाह्या चारदा दुमडून.
तो कसला कोट आहे ते तिला सांगायचं
मी रांगेत तीनदा ठरवलं.
खिडकी आली.
बाप? गाव? तारीख?
कारकून वहीतच बोलत होता.
नाव?

मी म्हणालो, तारिसाई.

आणि माणसाने मान वर केली.