अक्षराला दोन रुपये

फैजपूरला, स्टँडसमोरच्या गल्लीत
मी भांड्यांवर नावं टाकते.
अक्षराला दोन रुपये, काना-मात्रा धरून.
वेलांटी पहिली काय, दुसरी काय, भाव एकच.
अनुस्वार फुकट.

भिरूडांच्या बारशाआधी, दोन दिवसांत
एकाच पोराचं नाव माझ्याकडे चारदा आलं.

आधी गुरुजी, पोराचे आजोबा, वाट्यांचा सेट घेऊन.
फुलस्केपवर लिहूनच आणलेलं : नीलकंठ.
‘तत्सम आहे. नी दीर्घ.
तुझा हात घाईत ऱ्हस्व काढतो, मला माहीत आहे.’
माहीत असणारच. सातवी मी त्यांच्याच हाताखाली काढली.

संध्याकाळी काका. केळीचा धंदा,
ट्रकच्या कपाळावर आधीच रंगवून बसलेले : निलकंठ.
‘पहिलीच टाक. ट्रक अडवला का कोणी आजवर?’

आत्या भुसावळहून. कानात नाव तीच सांगणार.
तिला ळ हवा, नीळकंठ.
‘ल नको बाई, टीव्हीतलं वाटतं.
विष पिऊन तो निळा झाला, निला नाही झाला.’

आणि पोराची आई, फोनवर, अजून माहेरी चोपड्याला,
मागे पोर रडतंय :
‘नुसतं नील टाका ताई. इंग्रजीत डबल ई.’
दोन अक्षरं, चार रुपये. चमच्यावरही मावतं.

माझं मत कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर,
मला ळ आवडतो.
ल काढताना सुई वळते,
ळ काढताना परत वळते, हाताला कळतं
की आपण काहीतरी करतोय.
ठ मात्र वैरी. स्टीलवर त्याचा गोल धड मिटत नाही.

पण गंमत अशी, ज्या मुलखाच्या पोटात केळीच केळी
तिथल्या जिभेलाच ळ नाही.
केयी म्हणतात, शायेत जातात.
गुरुजीसुद्धा घरी चिडले की
‘डोये फुटले का रे?’
म्हणजे तुम्ही काहीही कोरून घ्या,
ओट्यावरून हाक जायची ती जाणारच :
निय्याऽ, ये निय्या.

आदल्या दिवशी गुरुजी परत आले.
पितळी तांब्या, पोटाला पोचा.
‘पोराच्या पणज्याचा. पाळण्याखाली ठेवायचाय.’
चिंचेनं घासला, तर गळ्याखाली नाव उगवलं,
मशीनचं नाही, खिळ्याच्या ठोक्यांचं, ठिपका ठिपका :
नियकंठ तोताराम भिरूड.

ठोके माझ्या अण्णांचे.
त्यांचा ठ मी कुठंही ओळखते,
असाच एका बाजूनं उघडा.
अण्णा अक्षरं भांड्यांवरच शिकले,
समोरच्यानं सांगितलं तसं ठोकलं,
आणि समोरच्यानं स्वतःचंच नाव सांगितलं होतं.

गुरुजींनी चष्मा कपाळावर सारला, तांब्या नाकाशी नेला.
मला वाटलं, आता लाल पेन मागतात.
‘दोन चुका आहेत,’ म्हणाले.
य वरून अंगठा फिरवला. परत फिरवला.
बाहेर रावेर गाडी लागली,
कंडक्टर ओरडला, गाडी गेली.
‘नाना असंच सांगायचे नाव.
माझ्या दाखल्यावर मी ते नंतर
दुरुस्त करून घेतलं.’

पोचा काढू दिला नाही.
‘ठोकशील, अन् अक्षरं बसतील.’
वाट्या मात्र मोजून नेल्या, नीलकंठ, सहाच्या सहा,
पैसे सुटे.

बारशाचं बोलावणं मलाही होतं.
रात्री एक पेला घेतला, मशीन लावलं,
पहिलं अक्षर काढलं, आणि सुई उचलली.
पेला अजून फळीवर आहे,
त्यावर नुसता नी.
दीर्घ.
गुरुजींचा तेवढा धाक आहे.