अधिक-उणे तीन

सटवाई कपाळावर लिहिते म्हणतात.
हवालदार मुंजाजीनं खोक्यातून कवटी काढली,
सेलूकडच्या एका बारवेतली, गाळ उपसताना लागलेली.
मी आधी कपाळच पाहिलं.
कोरं होतं.

मग सुळ्यामागची एक दाढ घेतली.
हिऱ्याच्या चकतीनं काप, खलात पूड,
आम्लात सहा तास, एकशेदहा अंशांवर.
बाहेर परभणीत चव्वेचाळीस,
आणि कूलरला पाणी नाही.

दात घडतो तेव्हा त्यातल्या एका आम्लाचे
रेणू बहुतेक सगळे डावखुरे असतात.
मग अंगाच्या उबेत, कुणी न सांगता,
एकेक उजवा होत जातो.
किती झाले, तेवढंच मोजायचं.
माणूस गेल्यावर, बारवेच्या गारव्यात,
हे जवळपास थांबतं.

डावखुरा मीही होतो.
गंगाखेडच्या शाळेत इटोले गुरुजींनी
पट्टीच्या कडेनं दोन महिन्यांत उजवा केला.
जन्मतारीखही त्यांनीच टाकली, एक जून.
वर्गातले एकोणतीस जण एक जूनचे.
आई म्हणायची, "कसलं जून?
जवारी हुरड्यात व्हती. पाखरं हाकता हाकता
गोफण टाकून घरी आले मी."
गोफण ती डाव्या हातानं फिरवायची.

पडद्यावर दोन उंचवटे उठले.
एक बालाघाटाचा डोंगर,
शेजारी वारूळ.
डोंगराशी वारुळाचं प्रमाण काढलं.
चौतीस. अधिक-उणे तीन.

आपल्याकडे कूसही उजवते.
तिची उजवली होती का, कितीदा,
हे वारूळ सांगत नाही.

मुंजाजी म्हणाला, "बाहेर एक म्हातारा बसलाय, कुंडलिक.
बहात्तरला माय पाण्याला गेली ती गेलीच म्हणतो.
तिचं वय इचारलं की हात असा धरतो."
त्यानं कमरेशी तळवा आडवा धरून दाखवला.
ती उंची मायची नव्हती.

डीएनएचा कागद अजून यायचाय,
काही बोलायला नको होतं.
तरी व्हरांड्यात त्यानं विचारलं, आणि मी आकडा सांगितला.
"चौतीस?" म्हातारा हसला. समोरचे दोनच दात.
"माझी धाकली सून चौतीसची हाय.
अजून भाकर जाळती."

तीन वर्षं इकडं-तिकडं होतात, मी म्हणालो.
"व्हऊ द्या," तो म्हणाला,
आणि चप्पल शोधू लागला.