अडीच तोळे

प्रमिला धुर्वे पिकअप घेऊन आली,
मागे जर्मनचे गंज, एकात एक बसवलेले,
वरून दोरी.
"उभी रायली का थरथरते," म्हणाली,
"समोर ठेवलेला चष्मा हळूहळू चालत जाते
अन् खिडकीपाशी जाऊन पडते.
घेतली तवा नव्हतं बाप्पा असं.
का मीच आयकलं नसन?"

हेड उतरवलं.
ब्लॉकवरचं ग्रीस पुसून नंबरावर खडू घासला.
आकडे उठले पांढरे,
कागदावरच्या आकड्यांशी त्यांची ओळखही नाही.
हेड तिसऱ्याच गाडीचं.
बोल्ट सहा सतराचे, चार एकोणीसचे.
इंजेक्टरखाली तांब्याचे दोन-दोन वायसर,
जिथं एकच लागतो.

"दोन काऊन?" मोहसीननं विचारलं.
मी म्हटलं, कोण्या शहाण्यानं हेड जास्त घासलं,
मग टोक खाली आलं,
म्हणून दुसरा वायसर घालून वर उचललं.
चोराचं काम नाही हे. पण अशा माणसाच्या हाती
मी सायकलही देणार नाही.

पिस्टन काढले. तीन सारखे.
चौथ्याच्या डोक्यावर पन्नासचा शिक्का,
एकच सिलिंडर मोठा केलेला.
मी शिव्या घातल्या. तीन दिवस घातल्या,
जेवताना, नळीवर हात धुताना,
येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून दाखवून.

भाजीचा काटा पन्नास ग्रॅमच्या खाली बोलत नाही,
म्हणून चारही पिस्टन पिशवीत घालून
खरोडे सराफाकडे नेले.
त्यांनी आधी गल्ल्याकडं पाहिलं, मग माझ्या नखांकडं.
चांदीच्या काट्यावर पांढरा कागद अंथरला,
पंखा बंद केला.
सहाशे बारा. सहाशे अकरा. सहाशे बारा.
सहाशे सदतीस.
"अडीच तोळे जास्त," सराफ म्हणाले,
"एवढ्यात माही साळी उजवली होती."

चौथ्या दिवशी मोहसीन रॉड डिझेलमध्ये धूत होता.
"उस्ताद, हे पाहा, कोणी नखानं दाबल्यासारखं."
कॅपवर चार खुणा.
ठिपके नाहीत. चंद्रकोरी.

माझ्या पंचाचं टोक
पडून तुटलं त्याला तेरा वर्षं झाली.
तेव्हापासून मी ठोकलेला प्रत्येक ठिपका
अर्धाच उमटतो.

संत्र्याचा हंगाम होता. एक माणूस,
नाव आठवत नाही, पायात दोन वेगळ्या चपला
एवढं आठवतं.
पैसे एका पिस्टनपुरते.
परतवाड्याहून एकच बोअर करून आणला,
रात्री कंदिलात बसवला,
म्हटलं, पुढच्या खेपेला चारही बदलू.
तो एक पेटी संत्री ठेवून गेला.
पुढची खेप आज आली.

मोहसीन माझ्याकडं पाहत होता.
मी रॉड पुसला, पुन्हा पुसला.
मग प्रमिलाबाईंना सांगितलं,
त्या उभ्या होत्या तिथंच, गंजांना टेकून.

त्या काही वेळ बोलल्या नाहीत.
"हेड बी तुमचंच?"
"हेड माझं नाही."
"बरं. म्हंजे अर्धंच."

कानशीनं आतून घासत बसलो मी, आडवी-उभी,
कागदावर राखाडी कीस साठत गेला.
सराफाकडं सात खेपा.
शेवटी त्यांनीच पंखा बंद करून ठेवला होता.
अडीचातले दोन निघाले,
त्यापुढं धातू पातळ होत होता. थांबलो.
सेट बदलायला लागेलच, दिवाळीनंतर,
हे पावतीवर लिहून दिलं. मजुरीची ओळ कोरी.

"नवी खूण ठोकू?" मोहसीननं विचारलं.
"ठोक. आणि तारीख घाल."
"पंच कोणता?"
मी खण उघडला,
त्याला तुटकाच दिला.

गाडी सुरू झाली.
चष्मा चार बोटं सरकला,
थांबला,
पुन्हा एक बोट.
प्रमिलाबाईंनी तो उचलून डोळ्यांवर लावला
आणि गिअर टाकला.